तांबडा दाणा टिपत नाही

४ जानेवारी २०२६, रविवार. सकाळी साडेपाच.

आज सकाळी उठल्याबरोबर आरशासमोर उभा राहून स्वतःच्या कानफटात तीन मारल्या. उजव्या हाताने दोन, डाव्याने एक. ऑनलाइन कोर्सच्या सरांनी पहिल्याच ऑडिओत सांगितलं आहे की इंटरनेट मार्केटिंगमध्ये शंभरातले नव्याण्णव माइंडसेटपायी मरतात. आपल्या आत एक मेंढरू बसलेलं असतं, त्याला रोज पहाटे मारायचं. माझं मेंढरू एकोणपन्नास वर्षांचं आहे. तिसरी जरा जोरात बसली, चष्मा मोरीत पडला. हिरकणीने चुलीजवळून विचारलं, डास होता का. म्हटलं, माइंडसेट. ती म्हणाली, डास निदान दिसतो. चोवीस वर्षांचा संसार आहे, तिला वेळ दिला पाहिजे.

सर म्हणतात धंदा दोन ओळींत लिहिता आला पाहिजे. लिहितो.

आमच्या सायवनची निम्मी तरुण माणसं वापी, उमरगाव, तारापूरला गेली. माणसं गेली, त्यांचे नवस इथेच राहिले. ज्याने वाघोबाला कोंबडा कबूल केला आहे आणि यायला जमत नाही, त्याने फोनवरून ऑर्डर द्यायची. मी त्याच्या नावाने घरचा गावठी कोंबडा शिवेवरच्या वाघोबापुढे कापायचा. त्याने व्हिडिओवर बघून हात जोडायचे. नाव: नवस ऑनलाइन.

दोन ओळींच्या जास्त झाल्या. पण जगात हे अजून कोणाला सुचलेलं नाही.

कापण्याचं काम आजवर घरात हिरकणी करते. तिला ते जमतं, म्हणून मी कधी मध्ये पडलो नाही. पण सर म्हणतात, मालकाचे हात रक्ताने भरल्याशिवाय मार्केट त्याला ओळखत नाही. संकल्प: पहिली ऑर्डर माझ्या हाताने.

५ जानेवारी, सोमवार.

पेज सुरू. हिरकणीचा भाऊ उमेश, त्याचं तलासरीला मोबाईलचं दुकान आहे, त्याने करून दिलं. फॉलोअर अकरा. त्यातले चार उमेशच.

मजकूर मात्र माझा. ग्राहकाच्या दुखऱ्या जागेवर घाव घाला, हा ऑडिओ क्रमांक दोन. म्हणून लिहिलं, "नवस बोललात, फेडला नाहीत. वाघोबा विसरलेला नाही." खाली वाघोबाच्या दगडाचा फोटो. आधी जाऊन त्याची परवानगी मागितली. शेंदूर लावला, नारळ फोडला, बराच वेळ बसलो. त्याने हरकत घेतली नाही.

कोंबड्यांचेही फोटो काढले. तांबडा सगळ्यात देखणा. तुरा उभा, शेपटी काळी-हिरवी, अंगावर कुठे खोट नाही. नवसाला असाच लागतो. आजपासून त्याला रोज सकाळी हाताने नागली, म्हणजे नाचणी. प्रॉडक्टवर चकाकी हवी.

८ जानेवारी, गुरुवार. दुपार.

ऑर्डर आली. पहिली.

संगीता म्हणून आहे. सायवनचीच लेक, आईबाप वारले, वापीला दिलेली. सासरचे सगळे माळकरी, घरात अंडंसुद्धा चालत नाही. तिने मूल होण्यासाठी वाघोबाला तांबडा कोंबडा बोलला होता. मुलगा झाला, ओंकार. पण नवसाचं सासरी सांगणार कोणाला, राहूनच गेलं. आता पोरगं चार वर्षांचं आहे आणि बोलत नाही. डॉक्टर म्हणतात कान ठीक, घसा ठीक, वाट बघा. तिने माझी पोस्ट वाचली, त्यातली वाघोबा विसरलेला नाही ही ओळ, आणि तेव्हापासून तिला झोप नाही.

घाव बरोबर बसला म्हणायचा. सर ग्रेट आहेत.

फोन ठेवल्यावर ताटातली भाकरी तशीच राहिली. सकाळचे वाल बाधले असावेत.

रविवारी दुपारी दोन वाजता ठरलं. त्या वेळी तिची सासू झोपते.

९ जानेवारी, शुक्रवार.

ऑडिओ पाच: परतीचे दोर कापून टाका. मागे फिरायची सोय असलेला माणूस कधीच जीव तोडून लढत नाही.

ओढ्यावर बसून विचार केला की माझा परतीचा दोर कोणता. उत्तर मिळालं: खुराडं. ऑनलाइन चाललं नाही तर कोंबड्या कासा गावच्या बाजारात नेऊन विकता येतील, ही जी आतल्या मेंढराला आशा आहे, ती त्या खुराड्यात बसलेली आहे. कुऱ्हाड घेतली. तीन कप्पे, सागाच्या फळ्या, माझ्याच हातचे खिळे. वीस मिनिटांत सपाट. फळ्या फुटताना आवाज चांगला येतो. इतका राग माझ्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं. थोडं बरंही वाटलं.

हिरकणी धुणं घेऊन आली. टोपली खाली ठेवली. मला एकच विचारलं, कोंबड्या रात्री कुठे झोपणार. मी दोर समजावून सांगायला लागलो तेव्हा तिने त्यातलीच एक फळी उचलून मारली. नडगी फुटली. रक्त बरंच आलं.

धंद्यातलं पहिलं रक्त. शुभ मानतो.

१० जानेवारी, शनिवार.

खुराड्याला कप्पे कशासाठी होते ते आज कळलं. तांबडा आणि काळा कोंबडा एकमेकांना दिसले की मारतात.

उजाडल्यापासून जुंपली. मी ओट्यावर चहा घेऊन बसलो होतो. मनात आलं, हेच ते मार्केट. ऑडिओ सात, कॉम्पिटिशनला संपवा, समोर चालू होता. दोघेही उडी मारून पायांच्या नख्या छातीत घालत होते. पिसं, माती, रक्त. काळ्याचा एक डोळा गेला तरी तो मागे हटेना. मी उठणारच होतो. विचार पूर्ण व्हायचा होता.

हिरकणी पाण्याहून आली, काळ्याला पायाने दाबला, विळीने एका फटक्यात त्याचे हाल संपवले आणि माझ्याकडे न बघता आत गेली. ती परसात जाऊन बघते तर आंब्याखाली नुसती पिसं. रानमांजराने पहाटे सहा कोंबड्या नेल्या होत्या. फांदीवर बसलेल्या दोन वाचल्या.

शिल्लक: तांबडा आणि दोन कोंबड्या. सर म्हणतातच, एकच प्रॉडक्ट पकडा. फोकस आपोआप आला.

काळ्याचा रस्सा झाला होता. मी जेवलो नाही. शनिवार धरायला आजपासून सुरुवात केली.

११ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.

सकाळी तांबड्याला दोन मुठी नागली, वर भिजवलेले चणे. मोठा दिवस होता.

दोनला वाघोबापुढे. हिरकणीने फोन धरला. संगीता न्हाणीघरातून बोलत होती, नळ चालू ठेवून, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये. मी तिचं नाव घेतलं, तांबड्याच्या डोक्यावर पाणी शिंपडलं, पुढ्यात तांदळाचे दाणे टाकले. आमच्याकडे रीत अशी की कोंबड्याने दाणा टिपला की देवाने घेतला. मग कोयता. दाणा टिपला नाही तर देवाची मर्जी नाही.

तांबड्याने दाण्यांकडे बघितलं. मग आभाळाकडे. मग मोबाईलच्या कॅमेऱ्याकडे, आणि तिथेच बघत राहिला. मी दाणे पुढे सरकवले. तो मागे सरकला. बावीस मिनिटं.

संगीताने हळू विचारलं, काका, देव नको म्हणतोय का. मी म्हटलं, नेटवर्क आहे.

कोयता तसाच कमरेला घेऊन घरी आलो. चालताना एकदम सुटल्यासारखं वाटत होतं. निराशा अशीही येत असेल.

१३ जानेवारी, मंगळवार.

पुन्हा. मंगळवारही वाघोबाचाच. तांबड्याचा मूड चांगला राहावा म्हणून सकाळी जास्तच खाऊ घातलं. हातातून खाताना डोळे मिटतो.

उमेश मुद्दाम तलासरीहून आला. म्हणाला, भाऊजी, रीच वाढवायचा तर लाइव्ह करा, बाईचं नाव नाही घ्यायचं. त्याच्या फोनवर पेजचं लाइव्ह, हिरकणीच्या फोनवर संगीता.

दाणा टिपेना. दहा मिनिटांनी मी जरा मार्गदर्शन म्हणून त्याची चोच दाण्यांना लावली. त्याने वळून माझ्या तोंडावरच झेप घेतली. डोळ्याखाली तीन चिरा. अर्ध्या बोटाने डोळा वाचला. मग मात्र माझा माइंडसेट तयार झाला. कोयता काढून त्याच्यामागे पळालो. करवंदीची जाळी, बांध, पुन्हा वाघोबाला फेरी. बांधावर पाय अडकून तोंडावर आपटलो. दात हलतो आहे.

उठलो तर उमेश हसत होता आणि फोन माझ्यावर धरून होता. सदतीस जण बघत होते. मी त्याच्या कानाखाली दिली. मेहुणा असला तरी. त्यानेही मला उचलून पाडला, छातीवर बसला आणि वरून विचारलं, "भाऊजी, उठू का?" नात्याचा मान त्याने सोडला नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे. मी म्हटलं, ऊठ.

या सगळ्यात संगीताचा कॉल चालूच होता, ते मागाहून कळलं. हिरकणी म्हणाली, पलीकडे नुसता नळ वाहत होता.

१५ जानेवारी, गुरुवार.

संगीताचा फोन. आज नळ नव्हता. शेतावर आले आहे म्हणाली.

रविवारपासून नीट जेवलेली नाही. तिला वाटतं, देव तिचंच घेत नाही. काल ओंकारला आई म्हण, आई म्हण म्हणून समोर बसवलं, तो हसला, तर तिने त्याला मारलं. गालावर, जोरात, दोनदा. मग स्वतःचं डोकं भिंतीवर आपटलं. हे सगळं तिने बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. शेवटी म्हणाली, "काका, वाघोबाला माझं तोंडच बघायचं नसेल तर तसं सांगा. मी वाट बघणार नाही."

आज ऑडिओ ऐकला नाही.

संध्याकाळी हिरकणीला सांगितलं. तिने भाकरी थापता थापता विचारलं, त्या दोन्ही दिवशी सकाळी त्याला काय घातलं होतं. म्हटलं, नागली, चणे, थोडा गूळ. ती म्हणाली, "पोट भरलेला कोंबडा दाणा टिपेल का? त्याला काय पंगतीला बसवून देवाकडे नेत होता?"

नवसाचा कोंबडा आदल्या दिवसापासून डालग्याखाली उपाशी ठेवतात. हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. मलाही ते माहीत होतं. लक्षात राहिलं नव्हतं.

लिहून झाल्यावर वरची ओळ पुन्हा वाचली. तशीच राहू दे.

१७ जानेवारी, शनिवार.

तांबडा डालग्याखाली. सकाळी माझी चाहूल लागताच फटीतून चोच बाहेर काढून ओरडला. मी दुसऱ्या दाराने गेलो.

मीही काही खाल्लं नाही. कोयत्याला दगडावर धार लावली. हातावरचे केस निघतील इतकी. संगीताला कळवलं, उद्या नक्की. खाली लिहिलं, माझा शब्द. मग पाऊण तास देवापुढे बसलो आणि काही मागायचं सुचलं नाही.

१८ जानेवारी, रविवार. डाव्या हाताने लिहितो आहे.

तांबड्याने दाणा टिपला. मी सगळे खाली टाकायच्या आतच टिपला, माझ्या बोटांच्या मधून. संगीता रडायला लागली. मी हिरकणीला म्हटलं, फोन नीट धर. तांबड्याची मान डाव्या हाताने दगडावर ठेवली. ती गरम होती. कोयता उजव्या हाताने उचलला. मग डोळे मिटले. अशा वेळी नामस्मरण करावं.

त्यानंतर मान हलली की माझा हात, हे सांगता येत नाही. तांबड्याने पंजा मारला, मी हात बदलला, कोयता कुठून कुठे गेला आणि उजवा अंगठा बुडापासून उघडला. हाड दिसलं. पांढरं असतं. रक्त दगडावर, तांदळावर, मोबाईलच्या काचेवर. तांबडा ऐनाच्या झाडावर. मी जो आवाज काढला तो कोंबड्याचा असतो तसाच होता, असं हिरकणी म्हणते.

फोनवर संगीताला नुसतं लाल दिसलं. "पावला, काका, पावला," एवढं म्हणाली आणि कॉल कापला. सासू उठली असेल.

हिरकणीने पदर फाडून बांधला. कासाच्या दवाखान्यात सात टाके. डॉक्टरने विचारलं, काय करता. मी म्हटलं, मार्केटिंग.

१९ जानेवारी, सोमवार.

संगीताने पेजवर पाच स्टार दिले. लिहिलं आहे, "मनावरचा डोंगर उतरला. काका देवमाणूस." रात्री झोपली म्हणते. ओंकारला जवळ घेऊन झोपली.

संध्याकाळपर्यंत फॉलोअर दोनशे. नवीन ऑर्डरी दोन, एक बोईसर, एक थेट सुरत. सरांचा ऑडिओ चौदा पूर्णपणे याच विषयावर आहे: एक खुश ग्राहक शंभर ग्राहक खेचून आणतो.

वाघोबाला रक्त पाहिजे होतं, मिळालं. कोणाचं, हा हिशोब देव करत नाही. उलट कोंबड्यापेक्षा माणसाचं रक्त वरचढच. वेगळ्या अर्थाने बघितलं तर मी तिला बोललेल्यापेक्षा जास्त दिलं. हे सगळं हिरकणीला नीट मांडून सांगितलं. बाहेर मोडक्या फळ्यांवर तांबडा आरवत होता.

ती म्हणाली, देवाला चालत असेल. संगीताला विचारलं का?

२० जानेवारी, मंगळवार.

सकाळी अकराला फोन केला आणि सगळं सांगितलं. नागली, चणे, गूळ. डोळे मिटले तेसुद्धा. अंगठा.

पलीकडे नळ वाहत होता. मग संगीताने मला एक शिवी दिली. आमच्या गावच्या लेकींच्या तोंडून मी ती लहानपणी ऐकली होती, त्यानंतर आजच. पाठोपाठ तिने विचारलं, "जिवंत आहे ना अजून तो? उपाशी ठेवा. मी येते."

२५ जानेवारी, रविवार.

मावसबहिणीकडे बारसं आहे सांगून आली. तलासरीपर्यंत बस, तिथून उमेशने शेअरच्या इको गाडीत बसवून स्वतः आणली. काटकुळी पोरगी, कपाळावर अजून पिवळट टेंगूळ. मला नमस्कार केला नाही. ओंकार तिच्या ओढणीचं टोक चघळत होता.

वाघोबापुढे हिरकणीने दाणे टाकले. तांबड्याने टिपले. संगीताने माझ्या हातातला कोयता घेतला, मी दिला नव्हता तरी. म्हणाली, "पोराचे डोळे झाका. तेवढं तरी जमेल?"

मी ओंकारला मांडीवर घेतलं आणि पट्टी बांधलेल्या हाताने त्याचे डोळे झाकले. आवाज एकच झाला, ओलं लाकूड तोडावं तसा. पंख बराच वेळ जमिनीवर आपटत राहिले.

मी डोळे उघडले तेव्हा ओंकारने माझा हात कधीच खाली सरकवलेला होता. त्याने सगळं बघितलं होतं. आता तो माझ्याकडे बघत होता. माझ्या गालावरून एक बोट ओढलं, तोंडात घातलं आणि तोंड वाकडं केलं. ऊन समोरून होतं, डोळ्यांतून पाणी येतंच.

नवसाचं मटण तिथेच शिजवून तिथेच संपवायचं, शिवेबाहेर न्यायचं नाही. तीन दगडांची चूल, तांदळाच्या भाकरी, तिखट रस्सा. संगीता तीनदा वाढून घेऊन जेवली. नळी फोडून चोखली. पाच वर्षं झाली काका, म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. उमेशने विचारलं, मग वाघोबाला नवस होता की तुझ्या जिभेला. तिने त्याला हाड फेकून मारलं, ते त्याच्या कपाळाला लागलं, सगळे हसले.

ओंकार बोलला नाही. पत्रावळ रिकामी करून पुढे करत राहिला आणि संगीता वाढत राहिली. एकदाही तिने त्याला आई म्हण म्हटलं नाही. निघताना हिरकणीने काळजीने विचारलं तर म्हणाली, "माझ्यावर होतं ते फिटलं. बोलायचं त्याचं तो बघेल." इकोत बसताना मला म्हणाली, काका, अंगठ्याला हळद लावा.

मी भाकरी खाल्ली. कोरडी. मला कोणी आग्रह केला नाही.

२७ जानेवारी, मंगळवार. सकाळी आठ.

बोईसर आणि सुरतच्या दोघांना काल कळवलं की स्वतः या, कोंबडा आपापला आणा, आदल्या दिवसापासून उपाशी ठेवा. सुरतवाल्याने एक स्टार दिला. उमेश म्हणतो सरांचा नवा कोर्स आला आहे, भाऊजी, हा जास्त अग्रेसिव्ह आहे. त्याला म्हटलं, तू कर.

आज सात वाजता आंघोळ करून मारुतीपुढे गेलो आणि गळ्यात माळ घातली. गेले तीन आठवडे काहीतरी कापायचं ठरवत होतो. ठरवलेलं काही हातून पूर्ण झालं असेल तर हेच.

घरी आलो तेव्हा हिरकणी उरलेल्या दोन कोंबड्यांना दाणे टाकत होती. माळेकडे बघून विचारलं, अंडीसुद्धा नाही का. म्हटलं, अंडीसुद्धा नाही. ती म्हणाली, बरं, पण मी खाणार. म्हटलं, खा. फक्त कापशील त्या दिवशी मला आधी सांग, म्हणजे मी ओढ्यावर जाऊन बसेन.